विश्लेषण : बारा भाकरींची ऊर्जा! तामलवाडीच्या रस्त्यावर शिकता येणारे विज्ञान

कोजागरीच्या आदल्या रात्री सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर उभे राहिले की वाहनांपेक्षा माणसांचाच आवाज जास्त येतो. दसऱ्यानंतर श्रमनिद्रेत गेलेली तुळजाभवानी अश्विन पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. त्या दर्शनासाठी सोलापूर आणि कर्नाटकातून लाखो भाविक पायी निघतात. खांद्याला पिशवी, तोंडी ‘आई राजा उदो उदो’. सोलापूरपासून तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर. वाटेत, साधारण मध्यावर, तुळजापूर तालुक्यातले तामलवाडी लागते. इथे टोलनाका आहे, दोन्ही बाजूंना ज्वारीचे शिवार आहे आणि त्यापलीकडे माळरान.

प्राथमिक शाळेच्या विज्ञानात तीन धडे हमखास असतात : परिसंस्था, ऊर्जा, बल आणि गती. पुस्तकात ते वेगवेगळ्या पानांवर असतात. तामलवाडीच्या या रस्त्यावर मात्र तिन्ही एकाच वेळी दिसतात. शिष्यवृत्तीची तयारी करणाऱ्या मुलांना ही उजळणी उपयोगी पडेल. मोठ्यांनी तर ती करायलाच हवी, कारण या हिशेबातला एक आकडा थेट जिवाशी संबंधित आहे.

सोलापूर ते तुळजापूर चालायला किती ऊर्जा लागते?

६० किलो वजनाचा माणूस सपाट रस्त्यावर एक किलोमीटर चालला की त्याच्या शरीरात साधारण ५० किलोकॅलरी खर्च होतात. आहाराच्या तक्त्यात आपण ज्याला नुसते ‘कॅलरी’ म्हणतो, ती हीच. ४५ किलोमीटरला ५० ने गुणले की २,२५० किलोकॅलरी होतात.

यात चढाचा खर्च मिळवू. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंचीवर आहे, तर बालाघाटाच्या कडेवरचे तुळजापूर साधारण ६५० मीटरवर. म्हणजे प्रत्येक भाविक स्वतःला सुमारे २०० मीटर वर उचलून नेतो. वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची, हे सूत्र वापरले तर ६० × ९.८ × २००, म्हणजे सुमारे १ लाख १८ हजार ज्यूल येतात. किलोकॅलरीत हे फक्त २८. पण आपले स्नायू मिळालेल्या ऊर्जेपैकी चौथा-पाचवा हिस्साच हालचालीला लावतात, बाकीची उष्णता होते. म्हणून प्रत्यक्ष खर्च सव्वाशेच्या आसपास जातो.

एकूण बेरीज सुमारे २,३७५ किलोकॅलरी. साठेक ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत साधारण २०० किलोकॅलरी असतात. म्हणजे सोलापूर ते तुळजापूर हा प्रवास साधारण बारा भाकरींचा आहे. चालताना कुणी एवढ्या भाकरी खात नाही. उरलेला खर्च शरीर आपल्या साठ्यातून, विशेषतः चरबीतून भागवते.

हा बाराचा आकडा लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

चढाला एवढी कमी ऊर्जा लागते, तर घाटात दम का लागतो?

इथे ‘ऊर्जा’ आणि ‘शक्ती’ या दोन शब्दांतला फरक कळतो. बोलताना आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो, विज्ञानात ते वेगळे आहेत. ऊर्जा म्हणजे एकूण खर्च. शक्ती म्हणजे तो खर्च किती वेगाने होतो, दर सेकंदाला किती ज्यूल.

ताशी साडेचार किलोमीटरने सपाट रस्त्यावर चालताना शरीर दर सेकंदाला सुमारे २६० ज्यूल खर्च करते. समजा तुळजापूरच्या अलीकडे अर्ध्या तासात शंभर मीटर चढायचे आहेत आणि चालण्याचा वेगही तोच ठेवायचा आहे. मग याच सेकंदात आणखी सव्वाशे-दीडशे ज्यूल द्यावे लागतात. खर्चाचा वेग दीडपट झाला. हृदय आणि फुप्फुसांना त्याच वेगाने प्राणवायू पुरवावा लागतो, म्हणून दम लागतो.

यावर उपायही याच हिशेबात आहे. चढ तेवढाच राहतो, पण वेळ वाढवला की शक्ती कमी लागते. अनुभवी भाविक घाटात पावले आखूड टाकतात आणि सावकाश चढतात. त्यांनी भौतिकशास्त्र वाचलेले नसले तरी त्यांच्या पायांना ते ठाऊक असते.

घामाचा या हिशेबाशी काय संबंध?

बारा भाकरींपैकी जवळजवळ नऊ-दहा भाकरींची ऊर्जा उष्णता बनते. ती अंगात साठली तर ताप चढेल. शरीर ती बाहेर टाकते, त्याचा मोठा मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगावरून निघून जाते. सगळी उष्णता घामानेच टाकायची ठरली तर तीन लिटरहून अधिक पाणी लागेल. रात्रीच्या गार हवेत थोडे कमी, ऑक्टोबर हीटच्या उन्हात जास्त. अनेक जण रात्री चालणे पसंत करतात, त्यामागचे शास्त्र हेच.

घामाबरोबर मीठही जाते. त्यामुळे वाटेवर सेवेकरी पाण्यासोबत ताक किंवा लिंबू-सरबत देतात तेव्हा ते चवीपुरते नसते, शरीराची गरज भागवत असते.

भाकरीत ही ऊर्जा आली कुठून?

तामलवाडीच्या आजूबाजूचा पट्टा रब्बी ज्वारीचा. परतीच्या पावसाची ओल धरून पेरलेली शाळू हिवाळाभर वाढते. तिची पाने हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी आणलेले पाणी घेतात आणि सूर्यप्रकाशाच्या मदतीने त्याची साखर बनवतात. प्रकाशसंश्लेषण ते हेच. ही साखर दाण्यात पिष्टमय पदार्थाच्या रूपाने साठते. पानावर पडलेल्या प्रकाशापैकी शंभरातला जेमतेम एखादा भाग या साठ्यात उतरतो. तरीही तेवढ्यावर साऱ्या शिवाराचे पोट भरते.

ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही, ती फक्त रूप बदलते, हा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम. सूर्याचा प्रकाश ज्वारीत रासायनिक ऊर्जा झाला, भाविकाच्या स्नायूंत हालचाल झाला आणि शेवटी उष्णता होऊन हवेत गेला. जिल्ह्यातल्या माळांवर फिरणाऱ्या पवनचक्क्याही सूर्यावरच चालतात, कारण जमीन कमी-जास्त तापते म्हणून वारा वाहतो. आणि रस्त्यावरच्या ट्रकमधले डिझेल? कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातल्या सूक्ष्म जिवांनी साठवलेला सूर्यप्रकाश म्हणजेच डिझेल. भाविक आणि ट्रक, दोघांचा पुरवठादार एकच आहे. फरक एवढाच की एकाचा माल गेल्या हंगामातला, दुसऱ्याचा कोट्यवधी वर्षे मुरलेला.

शेजारच्या माळरानावर लांडगे इतके कमी का?

ज्वारीचे शिवार संपले की माळ सुरू होतो. सरकारी दप्तरात अशा जमिनीला अनेकदा ‘पडीक’ म्हटले जाते. विज्ञानाच्या नजरेने ती परिसंस्था आहे. सजीव, माती, पाणी, हवा आणि ऊन यांच्यातली देवाणघेवाण म्हणजे परिसंस्था. इथे गवत हा उत्पादक. टोळ, ससा, काळवीट हे प्राथमिक भक्षक. चंडोल टोळ खातो, लांडगा काळवीट खातो.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य घोषित झाले. आज तिथे काळवीट आणि लांडगे दिसतात, माळढोक मात्र क्वचितच दिसतो. देशभरात आता दोनशेहूनही कमी माळढोक उरले आहेत.

अमेरिकेतला तरुण संशोधक रेमंड लिंडेमन याने एका तळ्यातल्या सजीवांचा ऊर्जेचा हिशेब मांडला. त्याचा निबंध १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो हयात असेपर्यंत मात्र छापून आला नव्हता. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीच त्याचे निधन झाले होते. त्याच विचारातून शाळेत शिकवला जाणारा दहा टक्क्यांचा ढोबळ नियम आला : अन्नसाखळीत एका पायरीवरून पुढच्या पायरीवर साधारण दहा टक्केच ऊर्जा पोहोचते.

समजा माळावरच्या गवतात १०,००० किलोकॅलरी आहेत. काळविटाच्या अंगी त्यातल्या साधारण १,००० लागतील, लांडग्याच्या अंगी १००. बाकीची कुठे गेली? काही भाग खाल्लाच गेला नाही, काही शेणातून बाहेर पडला आणि मोठा भाग धावण्यात, श्वास घेण्यात, अंग ऊबदार ठेवण्यात उष्णता होऊन गेला. भाविकाच्या नऊ-दहा भाकरी गेल्या, तशाच.

म्हणून माळावर गवताची पाती मोजता येत नाहीत, काळवीट शेकड्यांत असतात आणि लांडगे बोटांवर मोजण्याइतके. गवत कमी झाले की पहिला फटका साखळीच्या वरच्या टोकाला बसतो. माळावर नांगर फिरला, प्लॉट पडले, तर लांडग्याला कुणी मारण्याचीही गरज उरत नाही. त्याच्या वाट्याचे शंभर संपतात आणि तो वस्तीकडे, शेळ्यांकडे वळतो.

येडशीच्या वाघाने काय शिकवले?

याच महामार्गाने तुळजापूर, धाराशिव ओलांडून पुढे गेले की येडशी लागते. तिथल्या रामलिंग घाट अभयारण्यात डिसेंबर २०२४ मध्ये कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला आणि जिल्हाभर चर्चा झाली. पट्ट्यांवरून ओळख पटली : यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला हा वाघ, पाचशेच्या आसपास किलोमीटर चालून आला होता. पुढे आसपासच्या शिवारांत गुरांवर हल्ले झाले आणि त्याला पकडण्याचे प्रयत्नही झाले.

हा प्रश्न दहा टक्क्यांच्या नियमाने पाहा. एका वाघाला वर्षाला हरणाच्या आकाराची साधारण पन्नास जनावरे लागतात. कळप न घटता एवढी शिकार मिळायची असेल तर मागे पाचशेच्या आसपास तृणभक्षी हवेत आणि त्यांना पुरेल इतके गवत-पाला हवा. रामलिंग घाट अभयारण्य अवघे बावीसेक चौरस किलोमीटर आहे. तेवढ्या जंगलात हा हिशेब बसणे कठीण, म्हणून तो वाघ शिवारात उतरतो.

गुरे गमावणाऱ्या शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे आणि त्याला भरपाई वेळेत मिळालीच पाहिजे. पण वाघाला दोष देऊन गणित बदलत नाही. पायथा रुंद केल्याशिवाय शिखर टिकत नाही.

माती फिरून येते, ऊर्जा फिरून येत नाही

परिसंस्थेत दोन हिशेब वेगवेगळे चालतात. ऊर्जा एकाच दिशेने वाहते : सूर्याकडून आत, उष्णता होऊन बाहेर. ती रोज नव्याने यावी लागते. नत्र, स्फुरद, कर्ब ही द्रव्ये मात्र पुन्हा पुन्हा वापरली जातात. ते काम विघटकांचे : जिवाणू, बुरशी, आणि त्यांना मदत करणारी वाळवी, शेणकिडे, गांडुळे. पडलेले पान, मेलेले जनावर, शेण हे सारे ते पुन्हा मातीत मिसळतात.

यात्रेच्या वाटेवर हा धडा उघड्यावर मांडलेला असतो. पळसाच्या पानांचे द्रोण-पत्रावळी विघटक काही महिन्यांत मातीत मिळवतात. शेजारी पडलेला प्लास्टिकचा पेला मात्र त्यांना पचत नाही. त्याचे बारीक बारीक तुकडे होतात, ते गुरांच्या पोटात आणि ओढ्यात जातात. सोलापूरजवळ या रस्त्यालगतच हिप्परग्याचा ब्रिटिशकालीन तलाव आहे, हिवाळ्यात तिथे स्थलांतरित पक्षी येतात. पावसाच्या पाण्याबरोबर रस्त्यावरचा कचरा अशाच तलावांकडे वाहत जातो.

पाय टाकला की माणूस पुढे कसा जातो?

आता शिवारातून रस्त्यावर येऊ. चालताना आपण पायाने रस्ता मागे ढकलतो. न्यूटनचा तिसरा नियम सांगतो की रस्ताही तेवढ्याच बलाने आपल्याला पुढे ढकलतो. रस्ता मागे सरकत नाही, कारण तो पृथ्वीला जोडलेला आहे. आपण पुढे सरकतो.

यासाठी पाय आणि रस्ता यांच्यात घर्षण हवे. चिखलात पाय घसरतो तो घर्षण कमी झाल्यामुळे. नवी चप्पल पकड घेते, झिजलेली घसरते. अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्यावर फोड येतात तेही घर्षणानेच. घर्षण म्हणजे मित्रही आणि शत्रूही.

ट्रकच्या बाबतीतही नियम हाच. चाक रस्ता मागे ढकलते, रस्ता ट्रकला पुढे ढकलतो. थांबवतानाही रस्ताच मागे ओढतो. टायर आणि डांबर यांच्यात पकड नसेल तर ब्रेक कितीही चांगला असला तरी ट्रक थांबत नाही.

टोलनाक्यावर गाडी थांबली की अंग पुढे का जाते?

तामलवाडीच्या टोलनाक्याजवळ वाहन वेग कमी करते तेव्हा आतल्या माणसाचे अंग पुढे झुकते. हा जडत्वाचा, न्यूटनचा पहिला नियम : बाहेरून बल लागल्याशिवाय गतीतली वस्तू गतीतच राहते. ब्रेक गाडीला लागला, तुम्हाला नाही. तुम्हाला थांबवायला सीटबेल्ट हवा. तो नसेल तर ते काम समोरची काच करते.

थांबण्याची किंमतही मोजता येते. मालासह ४० टनांचा ट्रक ताशी ६० वरून शून्यावर आणायचा आणि पुन्हा ६० वर न्यायचा, तर एका थांब्याला सुमारे ४०० मिलिलिटर डिझेल जादा जाळावे लागते. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. रांगेत पुन्हा पुन्हा थांबणे-निघणे त्याने जेवढे कमी होते, तेवढे डिझेल वाचते.

ट्रकच्या अंगात किती भाकरी?

आता बाराच्या आकड्याकडे वळू. गतिज ऊर्जेचे सूत्र आहे : अर्धे × वस्तुमान × वेगाचा वर्ग. ४० टनांचा ट्रक ताशी ८० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटरने धावत असेल तर त्याच्या अंगात सुमारे ९९ लाख ज्यूल गतिज ऊर्जा असते. किलोकॅलरीत २,३६०. म्हणजे पुन्हा बारा भाकरी!

सोलापूर ते तुळजापूर चालताना भाविक जेवढी ऊर्जा रात्रभरात खर्च करतो, जवळपास तेवढीच त्या धावत्या ट्रकच्या अंगात त्या क्षणी असते. भाविकाला ती खर्च करायला दहा तास मिळतात. समोर माणूस दिसल्यावर ट्रकला ती साडेचार सेकंदांत ब्रेकमधून उष्णता करून टाकायची असते. ऊर्जा सारखी, वेळ आठ हजार पटींनी कमी. धोका या फरकात आहे.

ब्रेक दाबल्यावर ट्रक किती अंतरात थांबतो?

थांबण्याच्या अंतराचे दोन भाग असतात. पहिला, धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा. याला साधारण दीड सेकंद लागतो आणि त्यात ट्रक आहे त्याच वेगाने पुढे जात राहतो. दुसरा, ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचा. कोरडा रस्ता, चांगले टायर आणि ब्रेक धरून भरलेल्या ट्रकचा ढोबळ हिशेब असा :

• ताशी ४० किमी : १७ मीटर + १२ मीटर = २९ मीटर
• ताशी ६० किमी : २५ मीटर + २८ मीटर = ५३ मीटर
• ताशी ८० किमी : ३३ मीटर + ४९ मीटर = ८२ मीटर

वेग ४० वरून ८० झाला, दुप्पट. ब्रेकचे अंतर मात्र १२ वरून ४९ मीटर, म्हणजे चौपट. सूत्रात वेगाचा वर्ग आहे, त्याचा हा परिणाम. ओल्या रस्त्यावर पकड कमी होते, तेव्हा ८० च्या वेगाला एकूण अंतर सव्वाशे मीटरजवळ जाऊ शकते.

आता रात्रीचा विचार करा. डिपरच्या प्रकाशात गडद कपड्यांतला माणूस बहुतेक वेळा पन्नास मीटरच्या आत आल्यावरच दिसतो. पन्नास मीटर धरू. ताशी ४० ने येणारा ट्रक त्याच्या वीस मीटर अलीकडे थांबेल. ताशी ६० चा ट्रक त्याच्यापाशी पोहोचेल तेव्हा वेग वीसच्या आसपास उतरलेला असेल, इजा होईल पण जीव वाचण्याची शक्यता मोठी. ताशी ८० चा ट्रक मात्र ताशी ६५ च्या वेगाने धडकेल. चालक सावध होता, ब्रेक चांगला होता, त्याने तो वेळेत दाबलाही होता. तरीही.

कोजागरीच्या काळात प्रशासन या मार्गावरची वाहतूक वळवते, त्याचे कारण या आकड्यांत सापडते. पण भाविक केवळ त्या दोन-तीन दिवसांतच चालत नाहीत. नवरात्रात, मंगळवारी, पौर्णिमेला वर्षभर या रस्त्यावर पायी जाणारे असतात आणि तेव्हा शेजारून वाहने धावत असतात.

घाट उतरताना ‘गिअरमध्ये उतरा’ असे का म्हणतात?

४० टनांचा ट्रक शंभर मीटर खाली उतरला की त्याची सुमारे ३९२ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा कुठेतरी जावी लागते. ताशी ८० च्या वेगात असलेल्या ऊर्जेच्या ही चौपट, म्हणजे जवळपास सत्तेचाळीस भाकरी. ती सगळी ब्रेकनेच जिरवायची ठरवले तर ब्रेकचे लायनिंग तापते आणि तापलेल्या लायनिंगची पकड सुटते. ‘ब्रेक फेल झाला’ असे म्हणतात, त्यातल्या अनेक प्रसंगी ब्रेक तुटलेला नसतो, तापलेला असतो.

म्हणून जुने चालक सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. खालच्या गिअरमध्ये इंजिनच चाकांना मागे ओढते आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणारा चालक हा आधार घालवून बसतो आणि सारी ऊर्जा ब्रेकच्या माथी मारतो.

मग आपण काय करायचे?

पायी जाणाऱ्यांसाठी :
• रात्री पांढरे किंवा फिकट कपडे घाला. पाठीवरच्या पिशवीला आणि काठीला चमकणारी पट्टी लावा. पन्नास मीटरऐवजी शंभर मीटरवरून दिसलात तर वरच्या कोष्टकातला ८० चा ट्रकही कोरड्या रस्त्यावर थांबतो.
• पदपथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे वाहन समोरून येताना दिसेल.
• विसाव्यासाठी रस्त्याच्या कडेला किंवा दुभाजकावर झोपू नका.

वाहनचालकांसाठी :
• पायी माणसे दिसली की वेग ४० वर आणा. तामलवाडी ते तुळजापूर हे तेवीसेक किलोमीटर अंतर ८० ऐवजी ४० ने कापले तर साधारण सतरा मिनिटे जास्त लागतात.

मुलांसाठी, घरी करून पाहण्याजोगे :
• अंगणात खडूने रेघ मारा. सायकल आधी हळू आणि मग दुप्पट वेगाने आणून रेघेवर ब्रेक दाबा. दोन्ही वेळा ती किती पुढे जाऊन थांबली ते पावलांनी मोजा. मोकळी जागा निवडा आणि मोठ्या माणसाला सोबत ठेवा.
• एक पत्रावळीचा तुकडा आणि एक प्लास्टिकचा तुकडा ओल्या मातीत पुरा. दोन महिन्यांनी उकरून पाहा.
• माळावर एक हात लांब, एक हात रुंद चौकोन आखा. त्यात किती प्रकारचे गवत, किती टोळ, किती मुंग्या आहेत ते वहीत लिहा. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पुन्हा लिहा. ‘पडीक’ जमिनीत किती जीव राहतात ते समजेल.

यंदाच्या कोजागरीला तामलवाडीवरून पायी जाणाऱ्यांच्या पिशवीत कुणी ना कुणी भाकरी बांधून दिलेली असेल. घरून निघताना तिच्यासोबत हातभर चमकणारी पट्टीही बांधून द्या. भाकरी तुळजापूरपर्यंत नेईल, पट्टी घरी परत आणेल.